ऊसतोडीला जाताना शुगरच्या गोळ्या

आमच्या शिरूर कासार भागातली पुष्कळ माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. भांडीकुंडी, बाजरीचं पोतं, कोयता, सगळं आठवणीनं गाडीत भरतात. गोळ्या मात्र फळीवरच राहतात. पुढं पाच-सहा महिने फडावर.

मधुमेहाला आपण शुगर म्हणतो. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते. ती अंगी लागायला इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो कमी पडला, किंवा त्याचा गुण येईनासा झाला, की साखर रक्तातच साठते. मग तहान लागते, लघवीला फार होते, जखम चिघळते. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. उपाशी पोटी साखर 100 च्या आत असावी. 126 किंवा त्याहून वर, अशी दोनदा आली तर मधुमेह समजतात.

"हा बसून खाणाऱ्यांचा रोग, आम्हा काटकुळ्यांना कुठला?" असं आम्हीही म्हणत होतो. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळं तपासली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तर इंग्लंडातलं 3.5 किलोचं. तरी आपल्या बाळाच्या अंगात मानानं चरबी जास्त! असा बारीक दिसणारा माणूसही पुढं या आजारात सापडतो.

गूळ घरचा म्हणून चालतो, असं नाही. गूळ, काकवी, उसाचा रस, सगळ्यांत साखरच. घरात एकट्याचा फिका चहा वेगळा करू नये. सगळ्यांनीच साखर कमी करावी, म्हणजे त्या माणसाला परकं वाटत नाही.

आमच्या शेजारच्या अण्णांना काटा मोडला, तो त्यांना कळलाच नाही. पाय बधिर झाले होते. लेकीला वास आला तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. एक बोट काढावं लागलं. म्हणून रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. अनवाणी फिरू नये. कोपीपुढच्या शेकोटीवर पाय शेकू नयेत. भाजलेलं समजत नाही.

एक गोष्ट घरच्यांनी जपावी. गोळी घेतली आणि जेवण चुकलं, त्यात रात्री गाडी भरायला उठावं लागलं, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलतो. लोकांना वाटतं, प्यायलाय! अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

इन्सुलिन टोचणाऱ्यांनी बाटली पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गारव्याला ठेवावी. निघण्याआधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावं. तीस वर्षांवरच्या माणसांची तपासणी तिथं होते. किती महिने बाहेर राहणार ते सांगून गोळ्या मागाव्यात. दवाखान्याचा कागद भाकरीच्या डब्याच्या पिशवीत ठेवावा. ती पिशवी कुणी विसरत नाही.