मोफत केसपेपर आणि बाहेरची चिठ्ठी



पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात महिला मंडळ बसले की आरोग्याचा विषय निघतोच. गेल्या बैठकीत एका आजींनी पदराच्या गाठीतून दोन कागद काढले. एक सरकारी दवाखान्याचा केसपेपर, दुसरी बाहेरून आणायच्या गोळ्यांची चिठ्ठी. आजी म्हणाल्या, "खिडकीवर एक रुपया घेतला नाही बाळा. पण मेडिकलवाल्याने साडेचारशे घेतले. म्हणून मी गोळी दिवसाआड खाते. तेवढीच दोन महिने पुरते."

हे ऐकून आणखी तिघींनी सांगितले, आम्हीपण तसेच करतो. म्हणून या वेळचा पाठ या दोन कागदांवर.

पहिली गोष्ट : गोळी दिवसाआड नको

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही दुखत नाही. म्हणून गोळी चुकली तरी चालते असे वाटते. पण आत रक्तवाहिन्यांवर ताण पडतच असतो. तो मेंदूत गेला तर लकवा, हृदयात गेला तर झटका, आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी. साखरेचेही तसेच. चारशे रुपये वाचवायला गेलेले घर मग लाखाच्या कर्जात सापडते. गोळी परवडत नसेल तर ती कमी करू नका, डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय बहुधा असतो. सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही. का नाही, तेच पुढे पाहू.

खिडकी कधी बंद झाली?

पूर्वी सरकारी रुग्णालयात केसपेपर, रक्त तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी, खाट अशा प्रत्येकाला दर होता. पिवळ्या कार्डाला सूट होती, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कार्ड नसलेल्या माणसाला ती मिळवताना दमछाक होई. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमध्ये हे शुल्क बंद झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा व स्त्री रुग्णालये यांत आली. उत्पन्नाची अट नाही.

पण "सरकारी" या एका शब्दात तीन वेगळे मालक आहेत, हे आपल्या लोकांना ठाऊक नसते. उल्हासनगर-३ चे मध्यवर्ती रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे. महापालिका-नगरपालिकांचे दवाखाने त्या त्या पालिकेचे. त्यांचे दर पालिका ठरवते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. २०२३ चा निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. अंबरनाथला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. म्हणून तिथे जाताना, "हे कोणत्या खात्याकडे आहे आणि दर काय आहेत?" एवढे खिडकीवर जरूर विचारा. दरफलक बघा.

आपल्याकडचा रुग्ण अवघड झाला की पुढे कळव्याला पाठवतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे. शुल्कमाफी लागू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली. त्या काळात ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत पाडून नवी बांधायची म्हणून ते हलवलेले होते आणि कळव्यावर भार वाढला होता. पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मृत्यूंची बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. यातून एक शिकायचे : खिडकीवर पैसे न घेणे आणि आत डॉक्टर, खाट, औषध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका आदेशाने होते. दुसरीला दरवर्षी पैसा लागतो.

शुल्क असावे की नसावे?

या वादाच्या दोन्ही बाजू समजून घेऊ. शुल्काच्या बाजूचे म्हणतात, थोडे पैसे घेतले तर लोकांना किंमत कळते, विनाकारण गर्दी होत नाही आणि तो पैसा रुग्णालयाच्या हाताशी राहतो. बिघडलेले यंत्र लगेच दुरुस्त होते. यातले शेवटचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण रुग्णालयाच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम थोडी असते. आणि शुल्काने विनाकारण येणारा थांबत नाही, गरीब थांबतो. तो आजार अंगावर काढतो आणि शेवटी स्ट्रेचरवर येतो.

हा वाद आपल्याच देशात आहे असे नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. तीनच वर्षांत सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावले, तेव्हा ती सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. १९५२ साली औषधाच्या चिठ्ठीलाही एक शिलिंग लागला. १९६५ ला तो रद्द झाला, १९६८ ला परत आला. आज इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधाला शुल्क आहे, म्हातारे आणि मुले यांना माफ. शेजारच्या वेल्समध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून ते कोणालाच नाही. औषध तेच, आजार तोच. म्हणजे शुल्क निसर्गाने लावलेले नसते, सरकारने ठरवलेले असते. आणि सरकारने ठरवलेले बदलता येते.

मोफत म्हणजे फुकट नव्हे

दवाखान्यात कोणी "फुकट मिळतंय तर तक्रार कशाला?" म्हणाले तर उत्तर तयार ठेवा. आपण साबण घेतो, काडीपेटी घेतो, मोबाईलचे रिचार्ज मारतो, त्या प्रत्येकावर कर भरतो. धुणीभांडी करणारी ताईही भरते. सरकारी औषध हे दान नाही, आपण आधी भरलेल्या पैशाचे आहे. धडधाकट असताना सर्वांनी मिळून भरायचे आणि आजारी पडल्यावर कोणापुढे हात पसरायचा नाही, हा त्यामागचा विचार.

हाच विचार कामगार विम्यात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्याच काळात १९४४ साली प्रा. अडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याची वाट झाली. आज २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का कापले जाते, मालक सव्वातीन टक्के भरतो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या भावांनी आपला विमा क्रमांक मागून घ्यावा आणि पैसे खरेच जमा होतात का ते तपासावे.

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. १९९२ साली बंगालमध्ये एक शेतमजूर गाडीतून पडून डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले, शेवटी खासगीत पैसे भरावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजारांची भरपाई दिली आणि सांगितले की पैसा नाही ही सबब सांगून राज्याला या जबाबदारीतून सुटता येणार नाही. कर्जत लोकलच्या दारात लटकणाऱ्या आपल्या पोरांसाठी हा निकाल लक्षात ठेवा.

तरी पैसा कुठे अडतो? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरवले. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चावे असे त्याच धोरणात आहे. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. म्हणून २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले शंभरातले ३९ रुपये माणसाच्या खिशातून गेले. पाच लाखांची जनआरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. आजींच्या रोजच्या गोळीला ती कामी येत नाही.

आपण काय करायचे?

१. बाहेरची चिठ्ठी मिळाली तर औषध खिडकीवर नम्रपणे विचारा : हे औषध साठ्यात नाही का? कधी येईल? त्याच गुणाचे दुसरे आहे का? साठ्याची नोंद संगणकावर असते. गरज पडल्यास रुग्णालयाला स्थानिक खरेदीही करता येते.

२. डॉक्टरांना कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव लिहून द्या म्हणा. जनऔषधी केंद्रात तेच बरेच स्वस्त मिळते. पण इन्सुलिन किंवा गोळीचा डोस आपल्या मनाने बदलू नका.

३. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, त्यातली औषधे, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत आहे. बाळालाही वर्षभर उपचार मोफत. १०८ ची गाडी मोफत. यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, पावती मागा.

४. चिठ्ठी आणि मेडिकलचे बिल फेकू नका. मंडळाच्या वहीत तारीख, दवाखाना, औषधाचे नाव, रक्कम एवढे लिहा. एकटीने केलेली कुरकूर विरून जाते. वीस चिठ्ठ्या जोडलेला अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना घ्यावाच लागतो, पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात साठ्याची नोंद मागा आणि तीच प्रत नगरसेवक, आमदारांना द्या.

५. नर्सताईंशी, डॉक्टरांशी भांडू नका. औषध त्यांनी लपवलेले नसते. तेही अपुऱ्या माणसांत राबतात.

मंडळात चर्चेसाठी

आपल्या घरात कोण औषध अर्धे घेते? गेल्या तीन महिन्यांत बाहेरच्या औषधाला किती पैसे गेले? आपल्या जवळचा दवाखाना कोणत्या खात्याचा आहे?

भगवंतांनी भिक्खूच्या चार गरजांत चीवर, अन्न आणि निवारा यांच्या बरोबरीने औषधाला जागा दिली. ज्याच्याजवळ स्वतःचे काहीच नाही त्यालाही औषध मिळालेच पाहिजे, असा त्याचा अर्थ. पुढच्या पौर्णिमेला येताना प्रत्येकीने आपली चिठ्ठी आणावी. आजींची चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानावर लावली आहे. आणि आजींनी गोळी रोज घ्यायचे कबूल केले आहे.