आधी निंदण, मग खत

बाबू, यंदा वावर तू वाहणार, म्हणून हे सांगून ठेवतो. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा ही आपल्या अमरावती-अकोल्याकडची शेंगांची पिकं. ती पिवळी पडली की माणूस खताच्या दुकानाकडे धावतो. तू आधी तासात वाकून बघ. पुष्कळदा खत दिलेलं असतं, पण ते तणाने खाल्लेलं असतं.

सोयाबीनचे पहिले 45 दिवस डोळ्यात तेल घालून सांभाळ. तूर सुरुवातीचा दीड-दोन महिना हळू वाढते, तिला त्याहून जास्त जप. या दिवसांत तणाने ओल आणि स्फुरद ओढून नेला, तर मागून कितीही निंदलं तरी ते भरून येत नाही.

या पिकांना नत्र थोडाच का लागतो, ते समजून घे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस आहे हेक्टरी 30 किलो नत्र, 75 किलो स्फुरद, 30 किलो पालाश. बाकीचा नत्र मुळांवरच्या गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतून धरून देतात. त्या बदल्यात ते पिकाकडून साखर घेतात, आणि साखर पानांवर ऊन पडलं तरच तयार होते. तणाच्या सावलीत पान दबलं की गाठी उपाशी राहतात.

म्हणून पेरणीनंतर महिन्याभराने एक झाड खुरप्याने मुळासकट उकर. उपटू नको, गाठी मातीत तुटून राहतात. मुळं पाण्यात धू आणि एक गाठ नखाने फोड. आत लालसर-गुलाबी दिसली तर गाठ कामावर आहे. बहुतेक गाठी पांढऱ्या नाही तर हिरवट निघाल्या, तर त्या नत्र देत नाहीत. पीक पिवळं दिसलं म्हणून लगेच युरिया फेकू नको. त्याने गाठी आणखी आळसावतात आणि तण मात्र फोफावतं.

खत फेकून देऊ नको, पेरून दे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद जिथे पडतो तिथेच अडकून बसतो. तो बियाण्याच्या खाली, थोडा बाजूला पडला तर पिकाच्या मुळाला सापडतो. वरून फेकलेलं खत तासांमधल्या तणाच्या तोंडी जातं.

पहिली डवरणी 15 ते 20 दिवसांनी, दुसरी 30 ते 35 दिवसांनी, दोन्ही वाफशावर. ओल्या रानात डवरा घातला तर ढेकळं निघतात आणि तण पुन्हा मूळ धरतं. खारपाणपट्ट्यात वाफसा उशिरा येतो, तिथे घाई करू नको. सोयाबीन फुलावर आल्यावर डवरा बंद, कारण तेव्हा तो तणापेक्षा पिकाचीच मुळं जास्त तोडतो. मग तासातलं हाताने निंद.

झड लागून डवरा घालता आला नाही तर तणनाशक वापर, पण तण दोन ते चार पानांवर असताना आणि जमिनीत ओल असताना. सोयाबीनमध्ये तूर असेल तर ते औषध तुरीला चालतं का, हे डब्यावर वाचल्याशिवाय पंप भरू नको.

उपटलेलं कोवळं, बी न धरलेलं तण तासातच पसर. त्याने खाल्लेलं जमिनीला परत मिळतं. केना मात्र धुऱ्याबाहेर ने. त्याच्या तुकड्याला पेऱ्यापेऱ्यातून मुळं फुटतात, आणि जमिनीच्या आतही त्याला बी धरतं. अमरवेल दिसली तर ज्या झाडावर चढली त्या झाडासकट काढ आणि जाळ. ती थेट पिकाच्या अंगातला रस पिते.

हरभऱ्यालाही हाच नेम. चंदनबटवा कोवळा असतानाच काढ, कारण कोरडवाहू हरभरा जमिनीतल्या साठलेल्या ओलीवरच निघतो आणि अन्न मुळापर्यंत येतं ते त्या ओलीतूनच.

पैसा आखडता असेल तर खताची एखादी बॅग कमी आण, पण वेळेवरच्या निंदणाची मजुरी वाचवू नको.