चार कप्प्यांचे पोट : प्राण्यांच्या पाठांची उजळणी



परीक्षा जवळ आली आहे म्हणून बाईंनी आम्हांला परिसर अभ्यासाची उजळणी वाटून दिली. कुणाला पाणी आले, कुणाला हवा आली, कुणाला वनस्पती. माझ्या वाट्याला प्राणी आले. बाई म्हणाल्या, "पुस्तकातलं उतरवून काढू नकोस. तुला जे कळलं ते लिही." म्हणून मला जे कळले ते मी क्रमाने लिहिले आहे. काही माहिती बाईंनी पुस्तकाबाहेरची सांगितली, ती पण घातली आहे. शेवटी आमच्या घरची एक खरी गोष्ट आहे. पालकांना वेळ नसेल तर त्यांनी निदान ती वाचावी.

१. सजीव कसे ओळखायचे?

सजीव खातो, श्वास घेतो, वाढतो, हालचाल करतो आणि त्याच्यासारखेच दुसरे सजीव जन्माला घालतो. मोटारसायकल पेट्रोल पिते आणि पळते पण ती सजीव नाही. कारण ती वाढत नाही आणि तिला पिल्ले होत नाहीत. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो.

२. प्राणी किती प्रकारचे?

शास्त्रज्ञांनी आजपर्यंत प्राणी, वनस्पती वगैरे मिळून १५ लाखांहून जास्त जातींना नावे दिली आहेत. त्यांत सुमारे १० लाख तर नुसते कीटकच आहेत. एवढे सगळे पाठ कोण करणार? म्हणून त्यांचे गट पाडतात.

पहिला प्रश्न विचारायचा, पाठीला कणा आहे का? गांडूळ, गोगलगाय, मुंगी, कोळी, खेकडा यांना कणा नाही. मुंगीला ६ पाय असतात म्हणून ती कीटक. कोळ्याला ८ पाय असतात म्हणून तो कीटक नाही. तुम्ही मोजून बघा.

कणा असलेल्यांचे मुख्य गट ५ आहेत. मासे, पाण्यात आणि जमिनीवर राहणारे (बेडूक), सरपटणारे (साप, सरडा, कासव, मगर), पक्षी आणि पिल्लांना दूध पाजणारे म्हणजे सस्तन. साप मऊ दिसतो पण त्यालाही कणा असतो, त्यात शंभराहून जास्त मणके असतात.

आमच्या वर्गात अर्ध्या मुलांनी वटवाघूळ पक्ष्यांत लिहिले होते. मी पण तेच लिहिले होते. पण वटवाघूळ अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजते. म्हणून ते आपल्या गटातले. देवमासा पण आपल्याच गटातला, नावात मासा असला तरी.

३. हे सगळे वेगवेगळे कसे झाले?

चार्ल्स डार्विन नावाचे इंग्लंडचे शास्त्रज्ञ होते. ते जहाजातून फिरत १८३५ साली गॅलापागोस बेटांवर गेले. तिथे फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी आहेत. त्यांच्यात कुणाची चोच जाड, ती टणक बिया फोडते. कुणाची चोच बारीक, ती किडे टिपते. डार्विन यांनी पुष्कळ वर्षे विचार केला आणि १८५९ साली पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की सजीव हळूहळू बदलत आले आहेत.

मला आधी वाटायचे की पक्ष्याने ठरवले आणि चोच मोठी झाली. तसे नाही. बाईंनी दुष्काळाचे उदाहरण दिले. १९७७ साली त्यांतल्या एका लहान बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ बारीक बिया खाऊन संपल्या, मोठ्या टणक बिया उरल्या. ज्यांची चोच मोठी त्यांनी त्या फोडल्या आणि त्यांच्यातले जास्त जगले. लहान चोचीचे पुष्कळ मेले. जगले त्यांनाच पिल्ले झाली आणि पिल्लांची चोच आईबापांसारखी मोठी झाली. ग्रँट नावाचे पतीपत्नी तिथे राहून चोची मोजत होते, म्हणून हे कळले. असे लाखो वर्षे होत राहिले की प्राण्याचे शरीर त्याच्या खाण्याजोगे बनते. याला उत्क्रांती म्हणतात.

आपल्याकडे पण बघा. पोपटाची चोच बाकदार, बगळ्याची चिमट्यासारखी, घारीची आकड्यासारखी. चोच बघितली की तो काय खातो ते सांगता येते.

आता एक गंमत सांगते. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे दगड झालेले शेण सापडते! ते गाईचे नाही, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरचे आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यांनी ते भिंगाखाली तपासले तर त्यात गवताचे कण निघाले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. गवताच्या पात्यात वाळूसारखे बारीक टणक कण असतात, ते कुजत नाहीत. उसाचे पाते बोटाला कापते ना, त्याच्यातही तसलेच कण असतात. शेणावरून कोण काय खात होता ते एवढ्या वर्षांनी पण कळते.

४. काम एकच, अवयव निराळे

श्वास सगळे घेतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी.
गांडूळ कातडीतून श्वास घेते. म्हणून त्याची कातडी ओली लागते, उन्हात वाळली की ते मरते.
नाकतोड्याच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बारीक भोके असतात, तो त्यांतून हवा घेतो.
मासा कल्ल्यांनी घेतो.
बेडूक लहानपणी बेडूकमासा असतो तेव्हा कल्ल्यांनी घेतो. मोठेपणी फुप्फुसाने आणि कातडीने घेतो.
आपण, गाय, कोंबडी आणि साप फुप्फुसाने घेतो.

हृदयाचे पण तसेच. माशाच्या हृदयाला २ कप्पे, बेडकाच्या ३, पक्ष्यांच्या आणि आपल्या ४. सरड्याला ३ कप्पे आणि मगरीला मात्र ४. हे लक्षात ठेवा, फसवायला विचारतात.

५. पोटाची गोष्ट

मला सगळ्यात जास्त हाच भाग आवडला.

कोंबडीला दात नाहीत. ती बारीक खडे गिळते आणि पोटातल्या एका जाड पिशवीत त्या खड्यांनी दाणे दळते. त्या पिशवीला पेषणी म्हणतात. आई कोंबडी साफ करते तेव्हा मी त्यातले खडे मोजले, ३१ निघाले.

मोठ्या माणसाला ३२ दात असतात. गाईला पण ३२ असतात. पण गाईला वरच्या बाजूला पुढचे दातच नाहीत, तिथे नुसती टणक हिरडी असते. विश्वास बसत नसेल तर आप्पांना तुमच्या गाईचे तोंड उघडून दाखवायला सांगा. ती जिभेने गवत ओढते, खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरून तोडते आणि मागच्या दाढांनी दळते.

गवत पचवणे फार अवघड आहे. आपण खाल्ले तर ते पचणार नाही. खरे म्हणजे गाईला एकटीला पण पचत नाही. तिच्या पोटाला ४ कप्पे आहेत. पहिला सर्वांत मोठा, त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटात १०० लिटरपेक्षा जास्त मावते, म्हणजे आमच्या घरच्या ६ घागरींहून जास्त. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, एका थेंबात कोट्यवधी. ते वाईट जंतू नाहीत. तेच गवत कुजवून गाईला त्यातले अन्न काढून देतात. दुसरे जाळीपोट, त्याला आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात. चौथे खरे पोट, ते आपल्या पोटासारखे काम करते.

गाय घाईघाईने चरते आणि मग निवांत बसून तोच चारा पुन्हा तोंडात आणून चावते. हे रवंथ. दिवसातून ६ ते ८ तास ती रवंथच करते. मोठ्या गाईला त्या वेळी आणि चरताना मिळून दिवसाला १०० लिटरच्या आसपास लाळ सुटते. लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. तो पोटातला आंबटपणा कमी ठेवतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत लागेल.

शेळी, मेंढी, म्हैस यांचे पोट पण असेच आहे.

६. आमच्या घरी काय झाले

गेल्या वैशाखात आमच्या वाडीत लग्न होते. जेवणावळ झाल्यावर भात, बुंदी आणि चपात्या खूप उरल्या. आजी म्हणाली, "आरं, अन्न फेकू नये, पाप लागतं. मुक्या जनावराच्या तोंडी तरी जाऊ दे." मी आणि दादाने तीन घमेली भरून आणली. दीड घमेले कपिला गाईला घातले, आणि चिंगी शेळीपुढे एक ठेवले. दोघींनी भराभर खाल्ले. मला फार आनंद झाला. मला वाटले आज यांची पण लग्नाची पंगत झाली. राहिलेले मी चिंगीलाच घातले.

सकाळी उठून बघते तर कपिला खाली मान घालून उभी. रवंथ नाही. डावी भकाळी फुगलेली. शेण पाण्यासारखे पातळ आणि आंबूस वासाचे. चिंगी आडवी पडली होती आणि दात खात होती. तिचे दोन महिन्यांचे करडू तिला ढुसण्या देत होते. आप्पांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या गावाला गेले होते, यायला दुपार झाली. त्याच्या आधीच चिंगी गेली.

डॉक्टरांनी कपिलेला सोडा पाण्यातून नळीने पाजला, सुया दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी पण येऊन गेले. चौथ्या दिवशी ती रवंथ करू लागली. तिचे दूध मात्र पुष्कळ दिवस कमीच होते.

मी डॉक्टरांना विचारले, "आम्ही तर चांगलंच खायला घातलं होतं, मग असं का झालं?" ते ओट्यावर बसले आणि त्यांनी मला समजावून सांगितले. भात आणि बुंदी मऊ असते, तिला चावावे लागत नाही. चावले नाही की लाळ सुटत नाही आणि लाळेतला सोडा पोटात जात नाही. दुसरे म्हणजे असले अन्न कोटीपोटात फार लवकर आंबते. दुधाचे दही होताना जे आम्ल तयार होते तेच आम्ल तिथे खूप तयार होते. मग गवत पचवणारे चांगले जंतू मरतात, पोट हलायचे बंद होते, अंगातले पाणी पोटात ओढले जाते आणि आम्ल रक्तात उतरते. शेळी लहान, तिने तिच्या मानाने फारच खाल्ले, म्हणून ती वाचली नाही.

मग मी विचारले, "आप्पा तर रोज भरडा घालतात, त्याने का होत नाही?" ते म्हणाले, "थोडा थोडा रोज दिला की जंतूंना सवय होते. एकदम घमेलंभर दिलं तर नाही."

आजी दोन दिवस जेवली नाही. ती म्हणाली, "मीच सांगितलं पोरांना." आप्पा म्हणाले, "आई, तुला कुठं ठाऊक होतं? मलाबी ठाऊक नव्हतं." आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. पण कोटीपोटाचे नाव दादाच्या पुस्तकात होते. त्याने ते पाठ केले होते आणि पेपरात लिहिले पण होते. गोठ्यात घमेले नेताना ते त्याच्या ध्यानात आले नाही.

म्हणून मी हा पाठ नुसता पाठ केला नाही. लाखो वर्षांत ज्याचे शरीर ज्या खाण्याजोगे बनले, त्याला तेच मानवते. आपल्याला गोड लागते ते गाईला गोड असेलच असे नाही.

७. पालकांनी ध्यानात ठेवावे

लग्नाचे, भंडाऱ्याचे उरलेले अन्न जनावरांना एकदम घालू नये.
धान्याचे पोते, पीठ आणि खरकट्याची बादली जनावराचे तोंड पोचेल अशी ठेवू नये.
चारा बदलायचा तर थोडा थोडा बदलावा.
उष्ट्याबरोबर प्लॅस्टिकची पिशवी पोटात गेली तर ती कुजत नाही, कोटीपोटात साचून राहते.
रवंथ बंद झाले, भकाळी फुगली तर वाट बघू नये, लगेच डॉक्टरांना बोलवावे.
बाटलीने घाईघाईने काही पाजू नये, ते श्वासनळीत जाऊ शकते.

८. आठवा आणि सांगा

१) वटवाघूळ पक्षी का नाही?
२) बेडूक किती रीतींनी श्वास घेतो?
३) दुष्काळात कोणत्या चोचीचे फिंच जास्त जगले? का?
४) गाईच्या पोटाचे चार कप्पे क्रमाने सांगा.
५) लाळेचा गाईला काय उपयोग?
६) घरी जाऊन करा : गाय किंवा शेळी एक घास किती वेळा चावते ते मोजा. उद्या वर्गात सांगा. मी मोजले ते आत्ता सांगत नाही.

चिंगीचे करडू आता मोठे झाले आहे. त्याला मी बोरी-बाभळीचा पाला घालते. ते माझ्या मागे शाळेच्या फाटकापर्यंत येते.

लिहिताना काही चुकले असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी