भौमितिक टॉलरन्स : वारंवार होणाऱ्या चुका आणि त्या टाळण्याचा मार्ग

यंत्रभागाच्या मापात किती फरक चालेल हे साधी टॉलरन्स सांगते, तर त्याच भागाचा आकार, त्याच्या पृष्ठभागांची दिशा आणि भोकांचे स्थान आदर्शापासून किती ढळले तरी चालेल हे भौमितिक टॉलरन्स सांगते. भोकाच्या केंद्राला दोन्ही दिशांनी ±०.१ मिमी अशी मर्यादा दिली की चौकोनी क्षेत्र तयार होते. त्याच्या कोपऱ्याशी, म्हणजे ०.१४ मिमी ढळलेले भोक पास होते आणि सरळ रेषेत ०.१२ मिमी ढळलेले भोक रिजेक्ट होते, जरी जुळणीच्या दृष्टीने दुसरेच अधिक बरे असते. ही विसंगती दूर करणारी वर्तुळाकार मर्यादेची कल्पना स्कॉटलंडमधील टॉर्पेडो कारखान्यातील स्टॅन्ली पार्कर यांच्या नावाशी जोडली जाते. मात्र ही पद्धत वापरणाऱ्या अनेक गटांच्या हातून ठरावीक चुका होत राहतात, आणि त्यांची किंमत भंगारात गेलेल्या मालाने मोजावी लागते.

सर्वांत महागडी चूक डेटमच्या निवडीत होते. डेटम म्हणजे ज्या आदर्श प्रतलापासून किंवा अक्षापासून मापे घ्यायची तो संदर्भ होय. तो भाग जुळणीत ज्या पृष्ठभागावर बसतो तेथूनच घ्यायला हवा. परंतु ड्रॉइंगवर सोयीची दिसणारी एखादी कच्ची कडाच पुष्कळदा डेटम ठरवली जाते. मग तपासणीत जॉब पास होतो आणि जुळणीत बोल्ट अडतात. डेटमचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो, कारण पहिल्या प्रतलावर भाग किमान तीन बिंदूंनी टेकतो, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर एका बिंदूने. क्रम बदलला की फिक्स्चरमधील बैठक बदलते आणि त्याच भागाची सीएमएमवरील (निर्देशांक मापन यंत्रावरील) मापेही बदलतात.

दुसरी चूक ड्रॉइंग कोणत्या मानकानुसार वाचायचे हे गृहीत धरण्याची आहे. अमेरिकी एएसएमई वाय१४.५ मानकात, अन्यथा नमूद नसेल तर, १९.९ ते २०.० मिमी व्यासाचा शाफ्ट २०.० मिमीवर असताना पूर्ण सरळ असावा लागतो. आयएसओ ८०१५ मात्र माप आणि आकार स्वतंत्र मानते, त्यामुळे वर्तुळातील ‘ई’ हे चिन्ह दिलेले नसेल तर प्रत्येक छेदात २०.० मिमी भरणारा वाकडा शाफ्टही मापाच्या अटीत बसतो. पुणे परिसरातील जे कारखाने जर्मन आणि अमेरिकी अशा दोन्ही ग्राहकांसाठी भाग बनवतात, त्यांनी टायटल ब्लॉकमधील मानकाचा उल्लेख सर्वांत आधी वाचणे आवश्यक आहे.

तिसरी चूक वर्तुळातील ‘एम’ या चिन्हाबाबत होते. भागात जास्तीत जास्त धातू शिल्लक असलेली स्थिती, म्हणजे भोक सर्वांत लहान किंवा शाफ्ट सर्वांत मोठा असणे, असा त्याचा अर्थ आहे. १०.० ते १०.२ मिमीच्या भोकाला या स्थितीत ०.२ मिमी पोझिशन (स्थानाची) टॉलरन्स दिली असेल आणि भोक प्रत्यक्षात १०.१ मिमी झाले असेल, तर ०.१ मिमी बोनस मिळून ०.३ मिमी चालते. बोल्ट केवळ आरपार जायचा असेल तेथे हे चिन्ह न देणे म्हणजे चांगला माल नाकारणे होय, आणि नेमके केंद्र राखणाऱ्या बेअरिंगच्या बोअरला ते देणे धोक्याचे ठरते.

या चुकांचे मूळ एकच आहे : भागाचे कार्य ठरवण्याआधी चिन्हे ठरवली जातात. म्हणून भाग कशावर बसतो, कशाला धरून फिरतो आणि कुठे अडू शकतो हे डिझाइन, मशीनशॉप व तपासणी या तिन्ही विभागांनी एकत्र बसून आधी लिहून काढावे, त्यावरून डेटम आणि टॉलरन्स ठरवावी, आणि जी मर्यादा का दिली हे कोणालाही सांगता येत नाही, ती ड्रॉइंगवरून काढून टाकावी.