एमआरआय नॉर्मल, तरीही आकडी

माझ्या मुलाच्या पहिल्या एमआरआयवर ‘नॉर्मल’ लिहून आलं आणि त्या एका शब्दावर आमची वर्षं गेली. आकडी यायची ती झोपेत. डावा हात वर उचलला जायचा, अंग ताठ व्हायचं, मिनिटभरात सगळं शांत. पिंपळगावातले शेजारी म्हणायचे, स्वप्नात दचकत असेल. एक गोळी झाली, दुसरी झाली, डोस वाढले, पण आकडी थांबेना.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूचे काप बहुधा पाच मिलिमीटर जाडीचे असतात. ट्यूमर, रक्तस्राव, आपल्याकडे बऱ्याचदा सापडणारी जंताची गाठ, हे त्यात सहसा कळतं. पण माझ्या मुलाला होता तो फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया. बाळ पोटात असतानाच मेंदूच्या बाहेरच्या थराचा एखादा तुकडा नीट घडत नाही, पेशी आपापल्या जागी बसत नाहीत. 1971 मध्ये लंडनच्या डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, तेही शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवरून. एमआरआय तेव्हा नव्हताच. हा दोष कित्येकदा मेंदूच्या घडीच्या तळाशी दडलेला असतो. थर किंचित जाड, करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट, एवढीच काय ती खूण.

पुढे नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: 3 टेस्ला ताकदीचा एमआरआय, एपिलेप्सी प्रोटोकॉल म्हणजे आकडीच्या आजारासाठीची खास पद्धत, एक मिलिमीटरचे काप. डावा हात आधी उचलला जातो, म्हणून उजवी पुढची बाजू नीट पाहा, असंही त्यांनी रेडिओलॉजिस्टना कळवलं. डाग तिथेच सापडला. कुठे शोधायचं हे सांगितलेलं असणं फार मोलाचं, असं मला मनापासून वाटतं.

आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा; कुठे शोधायचं याबद्दल डॉक्टरांना त्यातून खूप कळतं. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा. योग्य निवडलेल्या दोन औषधांनी गुण आला नाही, तर तिसऱ्याची वाट पाहत बसण्याआधी व्हिडिओ ईईजी (चित्रणासह मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) आणि एपिलेप्सी सर्जरीची सोय असलेल्या केंद्राबद्दल विचारा. जाताना नुसता रिपोर्ट नको, जुन्या एमआरआयची सीडीही न्या. मूल दोन वर्षांच्या आतलं असताना एमआरआय झाला असेल, तर तो पुन्हा करायचा का, हे जरूर विचारा. त्या वयात मेंदूची वाढ चालू असल्याने डाग लपू शकतो.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागू पडत नाही. आमच्या तपासण्या अजून चालू आहेत. तोवर गोळ्या रोज, ठरल्या वेळीच.