क्रियापदाची साक्ष

कोणतीही गोष्ट सांगतांना ती केव्हां घडली व कोणी पाहिली, हीं दोन्हीं कळलीं पाहिजेत. मराठींत हें काम बहुतकरून क्रियापद करितें.

शेताच्या तंट्यांत साक्षीदार पंचांपुढें म्हणतो, ‘मी गेलों तेव्हां कुंपण मोडलें होतें.’ हा पूर्ण भूतकाळ होय. मोडतोड तो जाण्यापूर्वींच झाली होती. लिहिणाऱ्यानें ‘होतें’ गाळलें, तर ‘मी गेलों तेव्हां कुंपण मोडलें’ असें होऊन दोष त्याच्याच माथीं येईल!

‘गडी कुंपण मोडी’ म्हटल्यास ती गड्याची नित्याची खोड ठरते. ‘गड्यानें मोडलें म्हणे’ यांतील ‘म्हणे’ सांगतें कीं, बोलणाऱ्यानें हें केवळ ऐकिलें आहे. आणि ‘जाऊन पाहतों, तों कुंपण आडवें!’ येथें प्रसंग गेलेला, पण क्रियापद वर्तमानकाळीं. सांगणारा आपल्याला हातीं धरून त्या बांधावर नेतो व आपल्या डोळ्यांनीं पाहावयास लावितो.

यास्तव, बंधुभगिनींनो, दुसऱ्याचें बोलणें लिहून घेतांना अथवा पुढें सांगतांना ‘होतें’ आणि ‘म्हणे’ हे लहान शब्द गाळूं नका. शेजाऱ्याचें नांव राखणें किंवा बुडविणें त्यांच्या हातीं असतें.