महापूर सगळ्यांना सारखाच की!

प्रश्न : २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत शिवाजी पेठेतलं आमचं घर कोरडं राहिलं. पण नागाळा पार्कातल्या बंगल्यांत आणि शाहूपुरीतल्या मोठ्या दुकानांत पाणी शिरलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलं. पाणी काय बँकेचं पासबुक बघून आत येतं होय? मग हवामान बदलामुळं गरीब-श्रीमंतांतलं अंतर वाढतं, असं सारखं का लिहिलं जातं? आणि जाता जाता एक घरगुती शंका : आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी सुतारवाड्यात राहतात. पुरात त्यांचे जे खाडे होतात, त्यांचा पगार द्यावा का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग आधी मान्य करून टाकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. एवढं पाणी आल्यावर ते बंगला आणि खोली असा भेद करत नाही. उलट रुपयांत मोजलं तर श्रीमंतांचंच जास्त गेलं. शाहूपुरीतल्या एका दुकानात भिजलेल्या मालाच्या किमतीत सुतारवाड्यातली कित्येक घरं बसतील. नुकसानीची नुसती रुपयांत यादी केली तर मावशींचं घर तिच्या तळाशी सापडेल.

पण विषमता त्या यादीत दिसत नाही. ती दिसायला दोन गोष्टी विचाराव्या लागतात : जवळ होतं त्यातलं किती गेलं, आणि पुन्हा पूर्वीच्या जागी यायला किती दिवस लागले?

सुतारवाड्याचंच बघा. पंचगंगा वाढायला लागली की शहरातून स्थलांतराची पहिली बातमी बहुतेक वेळा तिथलीच असते, आणि माणसं चित्रदुर्ग मठात जातात. घरात मागं राहतं ते गाद्या, धान्याचे डबे, टीव्ही, पोरांची दप्तरं. दुकानदाराकडं विमा असतो किंवा निदान बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेण्याइतकी ओळख असते. बंगल्याला वरचा मजला असतो. मावशींची सगळी मालमत्ता एकाच पातळीवर, जमिनीपासून चार फुटांच्या आत. आणि त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान तर घरात नसतंच. ते असतं न मिळालेल्या रोजाचं.

हा बुडालेला रोज पंचनाम्यात बसत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. तलाठी येतो, भिंत पडली का बघतो, भांडीकुंडी, जनावरं, बाधित क्षेत्र लिहून घेतो. मदत मिळते ती कागदावर दिसणाऱ्या वस्तूला. २०१९ ला सरकारनं पूरग्रस्त कुटुंबांना शहरात १५ हजार आणि गावात १० हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केलं. त्यातले ५ हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. ही रक्कम सगळ्यांना सारखी होती आणि गरिबाला तिचा खरंच आधार झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यापुढची मोठी मदत जमिनीच्या मागोमाग गेली. एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. ज्याच्या नावावर सातबारा आणि सोसायटीचं कर्ज, त्याला ते मिळालं. शिरोळ तालुक्यात दुसऱ्याचं रान वाट्यानं करणाऱ्याचाही ऊस बुडाला होता, शेंड्यापर्यंत पाणी चढून सुरळीत कुजला होता. पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं, म्हणून मदतीच्या यादीतही मालकाचंच. आणि त्याच रानात भांगलणीला जाणाऱ्या बायकांचं काय बुडालं, हे लिहायला फॉर्मवर रकानाच नव्हता.

कर्जाचंही तेच. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला आज व्याज पडत नाही. जमीन नसलेल्या बाईला मायक्रोफायनान्सचं कर्ज मिळतं, ते वीस टक्क्यांच्या वर, गटाच्या जामिनावर आणि ठरल्या वारी हप्ता. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यात महिलांनी या कर्जांच्या माफीसाठी मोर्चे काढले ते उगीच नव्हेत. ज्याच्याकडं तारण, त्याला स्वस्त पैसा आणि वर माफी. ज्याच्याकडं काहीच नाही, त्याच्यासाठी महाग पैसा आणि दारात वसुलीवाला. पुराचं पाणी दोघांच्या घरात तेवढंच आलं होतं.

आता ‘पूर तर पहिल्यापासून येतात’ हे तुम्ही म्हणायच्या आधीच घेतो. येतात, १९८९ चा, २००५ चा पूर जुन्या माणसांना पाठ आहे. बदललंय ते दोन पुरांमधलं अंतर. २००५ नंतर २०१९ पर्यंत चौदा वर्षं मिळाली. तेवढ्यात गरीब घरसुद्धा सावरतं, पत्रे जाऊन स्लॅब पडतो, पोरगं मिळवतं होतं. २०१९ नंतर पुढचा महापूर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत आला, आणि मधे लॉकडाऊन. ज्याची शिल्लक होती त्यानं दुसऱ्यांदा फर्निचर केलं. ज्याची नव्हती त्याचा पहिल्या पुराचा हप्ता फिटायच्या आत दुसरा पूर दारात होता. शाहूपुरीतल्या आणि बापट कॅम्पातल्या कुंभारांना विचारा. २०१९ ला पाणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होतं आणि गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला. कच्च्या मूर्ती भिजल्या म्हणजे नुसता माल गेला नाही, वर्षाची कमाई गेली, कारण गणपती वर्षातून एकदाच येतो.

यात हवामान बदलाचा वाटा किती? एका पुराकडं बोट दाखवून ‘हा त्याचाच’ म्हणणं शास्त्राला धरून होत नाही. आपल्याकडच्या पुराला धरणांतला विसर्ग आहे, पूररेषेत केलेली बांधकामं आहेत, अलमट्टीचा न संपणारा वाद आहे. पण पाऊस पडण्याची रीत बदलली आहे, हे मोजून झालंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. वर्षाचा एकूण पाऊस फार न वाढताही चार दिवसांत कोसळणारा पाऊस वाढू शकतो, आणि नदीकाठाला जाच होतो तो या चार दिवसांचा.

जगभरचं गणितही याच अंगानं जातं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नोआ डिफनबॉ आणि मार्शल बर्क यांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला : तापमान वाढलं नसतं तर सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात गरीब देशांतलं अंतर जेवढं राहिलं असतं, त्यापेक्षा ते सुमारे २५ टक्के जास्त आहे. थंड देशांना थोडी ऊब काही काळ मानवते, आधीच तापलेल्या देशांत माणसाचं आणि पिकाचं काम मंदावतं. देशांच्या आतलं चित्र संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०२४ मध्ये मांडलं. ग्रामीण भागात गरीब कुटुंबं बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांपेक्षा उष्णतेमुळं वर्षाला सरासरी ५ टक्के आणि पुरामुळं ४.४ टक्के उत्पन्न जास्त गमावतात. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. दरवर्षी पाच टक्के मागं पडणारा माणूस दहा वर्षांनी कुठं असेल, ते कागद घेऊन बघा.

आपल्या जिल्ह्यात तर दुष्काळ आणि महापूर एकाच फडात भेटतात. बीडकडच्या कोरडवाहू रानात पाऊस दगा देतो, तेव्हा जोडपी मुकादमाची उचल घेऊन आपल्याकडं ऊसतोडीला येतात. जोडप्याला तिथं म्हणतातच ‘कोयता’. पुरानं ऊस कमी झाला की तोडायला टन कमी, टन कमी की उचल फिटत नाही, आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. पंचगंगेला पूर आला, म्हणून बीडच्या माणसाचं कर्ज वाढलं. त्याचा पंचनामा कोण करणार?

यावर उपाय महाराष्ट्रानं एकदा शोधलाही होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यातली हुशारी अशी की मदत जमिनीला न जाता थेट रोजाला गेली. सातबारा नसलेला माणूसही हक्कानं काम मागू शकला. अडचण एवढीच की ती दुष्काळासाठी शिवलेली. महापुरात खोदायला कोरडी माती कुठली आणायची? शिवाय ही हमी गावाची, सुतारवाडा शहरात. बुडालेल्या दिवसांचा रोज थेट खात्यावर देणारी योजना पुरासाठी निघत नाही, तोवर पंचनामे कितीही चोख झाले तरी अंतर वाढतच राहील, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घरगुती शंका. हो, खाड्यांचा पगार पूर्ण द्या. आपल्या तालमी आणि मंडळं पुरात जेवण, बिस्किटं, चादरी भरपूर पोचवतात. २०१९ ला तर काही ठिकाणी जुन्या कपड्यांचे ढीग लावायला जागा उरली नव्हती. कमी पडते ती रोकड. मावशींना पूर ओसरल्यावर आठवडाभर घरातला चिखल काढायला लागेल, तेही खाडेच समजा आणि त्यांचेही पैसे कापू नका. महिनाअखेरीची वाट न बघता लगेच द्या. गटाचा हप्ता कोणत्या वारी असतो ते त्यांना विचारा आणि त्याच्या आदल्या दिवशी द्या.